पेलेट निवडताना: दहा मीटर एअर रायफलसाठी डब्यापासून टार्गेटपर्यंत

बाहेरच्या देशांतले मोठ्या बोअरचे, म्हणजे जाड नळीच्या रायफलचे नेमबाज काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी विकत आणतात, त्यांची तोंडं घासतात, लांबी एकसारखी करतात आणि स्वतःची काडतुसं स्वतः भरतात. आपल्याकडे तो मार्ग नाही. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस तयार करणं हा गुन्हा आहे, त्यामुळे त्या वाटेला जाऊच नका. आपल्या हातात राहते ती निवड. दहा मीटर एअर रायफलच्या माणसासाठी ही निवड शिशाच्या अर्ध्या ग्रॅमच्या तुकड्याची, म्हणजे पेलेटची असते, आणि त्यात पुरतं एक शास्त्र दडलेलं आहे.

कोल्हापुरात हा खेळ घराघरांत पोचलाय. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पोटावर झोपून मारायच्या प्रकारात, विश्वविजेती झाली. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण आणलं. आणि २०२४ ला पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ घेतल्यावर तर आमच्या दुधाळीच्या रेंजवर पालकांची रांग लागली. प्रत्येकाचा पहिला प्रश्न रायफल कुठली घ्यायची, हा असतो. पेलेट कुठलं, हे दुसऱ्या वर्षी विचारतात. तोवर दोन-तीन डबे चुकीचे आणून झालेले असतात. मीही आणलेत.

आधी हिशेब, मग डबा

टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, जेल पेनच्या टोकाएवढा. पेलेटचा व्यास साडेचार मिलिमीटर. पेलेटची कड त्या ठिपक्याला शिवली की १०.०, आणि पेलेटचं केंद्र बरोबर मध्यावर बसलं की १०.९. या दोन्हींमध्ये फक्त अडीच मिलिमीटरचं अंतर आहे. म्हणजे ०.१ गुणाची किंमत पाव मिलिमीटर. हा आकडा डोक्यात पक्का बसवा, पुढचं सगळं त्यावरच चालतं.

पॅरिसच्या महिला पात्रता फेरीत रमिता जिंदाल ६३१.५ गुणांवर पाचवी आली आणि इलावेनिल वलारिवन ६३०.७ वर दहावी. आठ जणी फायनलला जातात. दोघींमधला फरक साठ शॉटमध्ये मिळून ०.८. एका शॉटला भागून पाहा, ०.०३ मिलिमीटरच्या आसपास येतं. केसाची जाडी त्याहून जास्त असते. एवढ्या बारीक फरकानं फायनल जाते म्हटल्यावर मुलं पेलेटच्या मागं लागतात, त्यात नवल नाही.

पण दुसरी बाजूही ऐका. मुलाचा शॉट ९.३ ला गेला तर पेलेटच्या डब्याकडं बघायचं नाही. आधी ट्रिगर, मग श्वास, मग डाव्या कोपराची जागा. पेलेटचा खरा सवाल येतो तो सगळं नीट होऊनही १०.२ आणि १०.३ येत राहतात तेव्हा. माझ्या मते सरासरी १०.१ च्या खाली असताना बॅच टेस्टिंगला, म्हणजे एकत्र बनलेल्या पेलेटच्या वेगवेगळ्या खेपा मारून बघायला, वेळ घालवणं म्हणजे पेरणीआधीच गुऱ्हाळाची भट्टी पेटवणं.

डब्यावर काय लिहिलंय

स्पर्धेचं पेलेट सपाट डोक्याचं असतं. सपाट डोकं कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतं. डोकं, मध्ये बारीक कंबर आणि मागं पोकळ घेर. डोकं नळीच्या चाकोऱ्यांवर बसतं, मागून हवा आली की घेर फुगून चाकोऱ्यांत घट्ट रुततो आणि पेलेटला गिरकी मिळते. घेर वाकडा असेल तर हवा एका बाजूनं निसटते आणि पेलेट नळीतून बाहेर पडतानाच डोलू लागतं.

चांगल्या कंपन्यांच्या डब्यावर डोक्याचा व्यास छापलेला असतो: ४.४९, ४.५०, ४.५१. कोणता घ्यायचा, याचं उत्तर रायफलची नळी देते, दुकानदार नव्हे. आरडब्ल्यूएस, एच अँड एन, जेएसबी, क्वियांग युआन यांतलं कुठलंही नाव वाईट नाही. पण एकाच मॉडेलच्या दोन रायफली वेगवेगळं पेलेट पसंत करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. क्लबातल्या दोघांनी एकाच वेळी एकाच कंपनीच्या रायफली घेतल्या. एकाला ४.४९ मानवलं, दुसऱ्याची रायफल त्याच डब्यावर वेडीवाकडी मारू लागली.

व्यासाच्या खाली, डब्याच्या मागच्या स्टिकरवर बॅच नंबर असतो. तो जास्त महत्त्वाचा. तेच नाव आणि तोच व्यास असलेला, पण वेगळ्या साच्यातून निघालेला डबा हा वेगळा माल समजायचा. मला हे महागात पडलं. एका मित्राच्या शिफारशीवरून मी दहा डबे घेतले. पहिले तीन सुंदर चालले. चौथा उघडला तो राज्य स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी बालेवाडीत. नाव तेच, व्यास तोच. दुसऱ्या दिवशी पहिल्या वीस शॉटांत चार नऊ आले आणि मी साईटच्या, म्हणजे नेम धरायच्या भागाच्या, क्लिका फिरवत बसलो. घरी येऊन स्टिकरं जुळवली तेव्हा कळलं, दहा डब्यांत दोन बॅचेस होत्या. दुकानदारानं फसवलं नव्हतं. मीच मागची बाजू उलटून बघितली नव्हती.

गुजरीतला तराजू

पेलेट वजनाप्रमाणे निवडावीत का, हा रेंजवरचा कायमचा वाद. माझी भाची चौदा वर्षांची आहे, तिनं कुठंतरी ऐकलं आणि माझ्या मागं लागली. घरच्या किचनच्या काट्याला ०.५३ ग्रॅम कळत नाही. शेवटी आम्ही गुजरीत, कोल्हापूरच्या सराफ बाजारात गेलो. ओळखीच्या सराफांकडं मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काचेच्या पेटीतला काटा आहे.

"सोनं सोडून शिसं तोलायला आलायसा व्हय?" त्यांनी हसत विचारलं, पण काटा दिला. एका अटीवर, की शिसं ठेवायला वेगळी कागदी पुडी वापरायची आणि जाताना काच पुसून द्यायची.

एका चांगल्या बॅचची पन्नास पेलेट आम्ही एकेक करून चिमट्यानं ठेवली. पंख्याची हवा लागली तरी शेवटचा आकडा नाचायचा, म्हणून पंखा बंद. सगळ्यात हलकं ०.५२७, सगळ्यात जड ०.५३४. भाचीनं लगेच दोन ढीग पाडले.

आता हिशेब करूया. एअर रायफलचं पेलेट साधारण १७० मीटर प्रति सेकंद वेगानं निघतं, दहा मीटरला त्याला साठ मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ते सुमारे १७ मिलिमीटर खाली येतं. वजनात सव्वा टक्क्याचा फरक असेल तर वेगात त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त, म्हणजे मीटर प्रति सेकंदाच्या आसपास फरक पडतो. त्यानं खाली येण्यात फरक पडतो ०.२ मिलिमीटरच्या जरा वर. सगळ्यात हलकं आणि सगळ्यात जड पेलेट यांच्यातला हा फरक आहे, मधल्यांचा त्याहून कमी. आणि तो वर-खालीच, डावी-उजवीकडं नाही.

थोडक्यात, सबंध पन्नास पेलेटमधल्या दोन टोकांमध्ये ०.१ गुणाहून कमी फरक. भाचीचा चेहरा पडला. "मग मामा, एवढं तोलून काय मिळालं?" मिळालं ते एवढंच, की पुन्हा तोलायची गरज नाही. चांगल्या डब्यात वजन एकसारखंच असतं. स्वस्त डब्यात ०.०२ ग्रॅमचा फरक निघाला तर तो डबा वजन बघून निवडत बसण्यापेक्षा सरावाला टाका. आणखी एक गोष्ट आम्हाला तिथंच दिसली: ०.५२७ चं जे पेलेट होतं, त्याच्या घेराला बारीक चिरा होता. वजन हलकं होतं ते शिशाची कड तुटल्यामुळं. शॉट बिघडवतो तो चिरा, आणि तो बघायला काटा लागत नाही.

भिंग आणि काच

म्हणून मी वेळ घालवतो तो इथं. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात शंभर पेलेटचा ट्रे निवडायला मला अर्धा तास लागतो.

एक पांढरा कागद, टेबल लॅम्प आणि घड्याळ दुरुस्तीवाला डोळ्याला लावतो तसलं भिंग. पेलेट चिमट्यानं उचलायचं, पण चिमट्याच्या टोकांना सायकल ट्यूबचे तुकडे चढवा, नाहीतर चिमटाच घेर दाबतो. आधी मागून घेरात बघायचं. आत शिशाची कुस किंवा कण अडकलेला आहे का? मग कड फिरवायची. कड संपूर्ण गोल हवी. एका जागी थोडीशी सपाट दिसली की ते पेलेट सरावाच्या डब्यात. शेवटी डोकं: सपाट, ओरखडा नसलेलं.

दुसरी चाचणी माझ्या आवडीची आहे. खिडकीची जुनी काच घ्या, एका टोकाखाली दोन वह्या ठेवून थोडी कललेली ठेवा. वरच्या टोकाला एक ठळक रेघ मारा. पेलेट रेघेवर आडवं ठेवून हळूच सोडा. घेर डोक्यापेक्षा मोठा असल्यानं ते सरळ घरंगळत नाही, वळण घेत खाली येतं. सगळी चांगली पेलेट साधारण एकाच वळणानं खाली येऊन एकाच जागी थांबतात. जे लडखडतं किंवा मध्येच वेगळ्या बाजूला वळतं, ते बाजूला काढा. पहिल्या दहा पेलेटमध्येच डोळ्याला वळण ओळखीचं होतं. एका चांगल्या बॅचमध्ये शंभरात दोन-तीन निघतात, बस्स. पंधरा निघाली तर डबा पडलाय किंवा आपटलाय.

आणि डबे आपटतात. आमच्या बाजूचे रस्ते सगळ्यांना माहीत आहेत. मोपेडच्या डिकीत अर्धा भरलेला डबा खडखडत आठवडाभर हिंडला की घेरावर घेर आपटून पेलेटचं काय होत असेल, विचार करा. डब्याच्या झाकणाखाली स्पंजची चकती बसवा, इतकी की हलवल्यावर आवाज येऊ नये. स्पर्धेसाठी निवडलेली पेलेट खाचांच्या ट्रेमध्येच ठेवा. पेलेट जमिनीवर पडलं की ते स्पर्धेतून बाद. उचलून फुंकर मारून पुन्हा भरू नका.

पेलेट धुवायची का? नको. कंपनी हलकंसं वंगण लावून देते आणि तेच नळीला सवयीचं असतं. शिशाचा भुगा डब्याच्या तळाशी साठतो, तो झटकायला मी जुनी पिठाची चाळणी वापरतो. ती चाळणी पुन्हा स्वयंपाकघरात गेली नाही आणि जाणारही नाही. तुम्हीही तिच्यावर खूण करून ठेवा.

व्हाइसवर

आता मुख्य काम. बॅच निवडायची खरी पद्धत एकच: रायफल घट्ट धरून बऱ्याच बॅचेस मारून बघायच्या.

चार ते सहा वेगवेगळ्या बॅचचा एकेक डबा जमवा. एकट्यानं हा खर्च जड जातो. आम्ही क्लबातले पाच जण मिळून डबे आणतो आणि प्रत्येकाच्या रायफलवर टेस्ट करतो. उरलेलं ज्याला जे मानवेल, तो ते घेतो.

रायफल धरायला व्हाइस, म्हणजे आवळून धरणारा शिकंजा लागतो. आमचा उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या मामांनी बनवून दिला. ते पहिल्यांदा म्हणाले, नळीच धरतो घट्ट. मी नको म्हटलं. नळी दाबली की ती किंचित का होईना वाकते, आणि मोजायचं तेच बिघडतं. धरायचं ते ॲक्शनला (पेलेट भरायचा आणि ट्रिगरचा धातूचा भाग), स्टॉक म्हणजे दस्ता काढून, मध्ये चामड्याच्या पट्ट्या घालून. खाली पंचवीस-एक किलोची बिडाची प्लेट आणि ती टेबलाला बोल्टनं आवळलेली. टेबल हलतं असेल तर वाळूच्या पिशव्या पायांवर ठेवा. स्टॉकचे स्क्रू पुन्हा लावताना टॉर्क स्क्रूड्रायव्हर वापरा, कारण स्क्रू सैल-घट्ट झाल्यानंही साईट सरकते.

व्हाइस नसेल तर वाळूच्या पिशवीवर टेकवूनही चालतं, पण मग मोजता येतो तो तुमचा हात आणि पेलेट एकत्र. निकाल सौम्यपणे घ्या.

सुरू करायच्या आधी नळीतून दोरीनं फेल्टचा स्वच्छ तुकडा चेंबरकडून पुढं ओढा. साफ केल्यावर लगेच मोजू नका. नळीला पुन्हा शिशाचा हलका थर बसायला पंधरा-वीस शॉट लागतात. एका बॅचवरून दुसरीवर जाताना पाच-सहा शॉट सोडून द्या. रायफलच्या हवेच्या सिलिंडरचा दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत अर्ध्याच्या वर ठेवा. तळाला गेलेल्या सिलिंडरवर टेस्ट केलीत तर तुम्ही हवेचा दाब एकसारखा राखणारा रेग्युलेटर मोजताय, पेलेट नव्हे. सिलिंडरची तारीखही एकदा बघा. दहा वर्षं झालेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही.

ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या शॉटांचा पुंजका, दहा शॉटचा. पाचचा नको. पाचाच्या ग्रुपमध्ये नशीब जास्त बोलतं. आम्ही एका बॅचचे त्याच सकाळी दोन ग्रुप मारले, पहिला ५.४ मिलिमीटरचा, दुसरा ७.१ चा. पहिल्यावर थांबलो असतो तर नाचत घरी गेलो असतो. मी प्रत्येक बॅचचे तीन ग्रुप घेतो, आणि क्रम असा: क, ख, ग, घ, मग घ, ग, ख, क, आणि शेवटी पुन्हा क, ख, ग, घ. मधल्या काळात हवामान बदललं, नळी तापली, काही झालं तरी त्याचा भार सगळ्यांवर सारखा पडतो.

मोजताना भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं सगळ्यात मोठं अंतर व्हर्नियरनं घ्या आणि त्यातून साडेचार वजा करा. केंद्र ते केंद्र अंतर मिळतं. बाहेरून ६ मिलिमीटर म्हणजे दीड मिलिमीटरचा फैलाव. ग्रुपच्या मधोमध साईट लावली तर सगळ्यात वाईट शॉटही १०.७ ला जातो. बाहेरून ७.५ म्हणजे तीन मिलिमीटरचा फैलाव, आणि सगळ्यात वाईट शॉट १०.४. हे व्हाइसवर. खांद्यावर यात तुमची स्वतःची चूक मिळवायची.

निवडताना सगळ्यात छोटा ग्रुप देणारी बॅच घेऊ नका. जिचा सगळ्यात मोठा ग्रुप सगळ्यांत छोटा, ती घ्या. स्पर्धेत साठ शॉट असतात, आणि त्यांतला वाईट शॉटच फायनलबाहेर काढतो.

शेवटची खात्री खांद्यावर. इथं स्वतःला फसवणं सोपं असतं, म्हणून मित्राला सांगा, दोन बॅचच्या पेलेटचे ट्रे भर आणि मला सांगू नकोस कुठला कुठला. प्रत्येकी चाळीस शॉट मारा. मला एकदा माझी लाडकी बॅच ओळखताच आली नाही. जी ओळखली म्हणून छाती फुगवली, ती प्रॅक्टिसची निघाली.

बॅच ठरली की ती एकदम घ्या. आठवड्याला पाच दिवस, रोज शंभर शॉट धरले तर वर्षाला पंचवीस हजार, म्हणजे पाचशेच्या डब्याचे पन्नास डबे. सगळे चांगल्या बॅचचे घेणं कुणालाच परवडत नाही. वीस टक्के स्पर्धेसाठी आणि शेवटच्या दोन आठवड्यांच्या सरावासाठी, बाकी स्वस्तातली. पण स्वस्तातलं पेलेट त्याच वजनाच्या वर्गातलं असू द्या, नाहीतर साईटच्या क्लिका सारख्या बदलत राहतील.

५० मीटरच्या .२२ काडतुसाच्या रायफलवाल्यांना हेच सगळं काडतुसाच्या लॉटवर, म्हणजे बॅचवर, करावं लागतं, आणि तिथं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असलं तरी लॉटचा फरक जास्त ठसठशीत दिसतो. एली आणि लापुआ यांची स्वतःची टेस्ट सेंटर्स आहेत, रायफल घेऊन जायची आणि आपल्या नळीला मानवणारा लॉट तिथंच निवडायचा.

पावसाळा आणि हात

जुलैत इथं भिंतींनाही घाम फुटतो. ओलसर हवेत शिशावर पांढरी पूड येते. ती आलेलं पेलेट स्पर्धेत नको आणि हातातही नको. डबे हवाबंद स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पुड्या ओल्या झाल्या की कोरड्या कराव्या लागतात, ते विसरू नका. डबा तळघरात किंवा बाथरूमच्या भिंतीला लागून नको.

शिशाचं आरोग्य हा हसण्यावारी न्यायचा विषय नाही, विशेषतः लहान मुलांसाठी. रेंजवर भडंग किंवा बिस्किटं खात पेलेट भरायची सवय आमच्याकडं सर्रास आहे. ती मोडा. पेलेट तोंडात धरायचं नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. रेंजवरून निघताना साबणानं हात धुवा, मग डबा उघडा. रेंजचे कपडे बाळाच्या कपड्यांसोबत धुवू नका, आणि टार्गेटमागच्या पेलेट ट्रॅपमधला भुगा झाडूनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

डबा संपत आला की शेवटची तीसेक पेलेट मी स्पर्धेला घेत नाही. सगळा भुगा आणि आपटलेला माल तळाशी असतो. ती सरावाला जातात. रिकाम्या डब्याचं मागचं स्टिकर ओल्या बोटानं हळूच सोडवून वहीत चिकटवतो, शेजारी तारीख, रायफल आणि तिन्ही ग्रुपचे आकडे. आता त्या वहीत माझ्या अक्षराखाली भाचीचंही अक्षर दिसतं. तिनं पहिल्या पानावर गुजरीतली पन्नास वजनं उतरवून ठेवलीयत, आणि ०.५२७ च्या पुढं एक छोटा चिरा काढलाय.